मेंडोटा पालटत होतं तेव्हा: एकच फिशिंग ट्रिप दोनदा का करावी लागली

दादा म्हणजे माझा मावसभाऊ, शिकागोच्या बाजूला राहतो, आम्ही विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसनला. मध्ये अडीच तासांचा ड्राइव्ह. ऑगस्टच्या शेवटी त्याचा फोन आला, ऑक्टोबरचा दुसरा वीकेंड फिक्स कर, सोमवारी सुट्टी आहे, दोन दिवस मेंडोटावर, म्हणजे मॅडिसनच्या मोठ्या तळ्यावर, गळ टाकू, मुलांनाही आणतो. मी लगेच हो म्हटलं, बोट बुक केली, त्याने विस्कॉन्सिनचं बाहेरच्यांसाठीचं चार दिवसांचं लायसन्स काढलं. त्या वीकेंडला तळं पालटत होतं, म्हणजे त्याचं वरचं आणि खालचं पाणी एकमेकांत मिसळत होतं. नक्की काय झालं, का झालं आणि पुढे आम्ही काय बदललं ते सगळं इथे लिहितेय, कारण दरवर्षी आपल्या ग्रुपमधलं कोणीतरी हाच वीकेंड निवडतं आणि रिकाम्या हाताने परत जातं, आणि मग सगळे म्हणतात ह्या तळ्यात मासाच नाही. मासा भरपूर आहे हो.

आधी माझं थोडं. मी मालवणची. मामांच्या होडीत बसून लहानपणी जे शिकले त्यात पहिली गोष्ट ही की समुद्रावर जायचं ते तिथी बघून, पुनव-अवसेला उधाण, अष्टमीला भांग, म्हणजे मंद भरती-ओहोटी, आणि मामा भांगात निघालेल्याला सरळ सांगायचे, "भांगाक काय गावचा नाय". म्हणजे पाण्याला स्वतःचं वेळापत्रक असतं हे मला माहीत होतं. इथे आल्यावर मात्र तळ्याला भरती नाही ओहोटी नाही, म्हणून मी धरून चालले की इथे कधीही जा, सारखंच. ही माझी चूक. तळ्यालाही वेळापत्रक असतं, फक्त ते चंद्रावर चालत नाही, पाण्याच्या तापमानावर चालतं.

उन्हाळ्यात तळ्याचे दोन मजले

मेंडोटा जवळजवळ ४० चौरस किलोमीटरचं, सगळ्यात खोल जागी २५ मीटर. उन्हाळ्यात वरचं पाणी तापतं, जुलैत २५ अंशांपर्यंत जातं, आणि गरम पाणी हलकं म्हणून ते वरच राहतं. खालचं थंड पाणी वसंतात जसं होतं तसंच खाली अडकून पडतं, साधारण १२ अंशांवर. मधे एक पातळ थर असतो जिथे दोन-तीन मीटरमध्ये तापमान धाडकन उतरतं, त्याला म्हणतात थर्मोक्लाइन. हा शब्दच मुळात ह्या तळ्याच्या काठावरचा आहे, इथल्या युनिव्हर्सिटीतल्या एडवर्ड बर्ज यांनी १८९७ मध्ये तो वापरात आणला, मेंडोटाचं तापमान ते वर्षानुवर्षं मोजत होते.

आता ह्या दोन मजल्यांची एकमेकांत ये-जा जवळपास बंद. वरच्याला वारा लागतो, ऊन लागतं, ऑक्सिजन मिळतो. खालच्याला काहीच नाही, आणि वरून मेलेलं शेवाळ सतत खाली पडत राहतं, ते कुजायला ऑक्सिजन लागतो, तो संपतो आणि नवीन येत नाही. मेंडोटात जुलैच्या शेवटापर्यंत खालच्या मजल्यात माशाला श्वास घेण्याजोगं काही उरत नाही. म्हणून उन्हाळ्यात मासा वरच्या दहा-बारा मीटरमध्येच दाटलेला असतो. सिस्को नावाचा थंड पाण्यातला मासा आहे, त्याला वर गरम होतं आणि खाली गुदमरतं, १९८७ च्या उन्हाळ्यात ह्याच कात्रीत सापडून मेंडोटातले सिस्को प्रचंड संख्येने मेले. पण आपल्यासारख्या गळवाल्याला उन्हाळा सोपा जातो, कारण निम्मं तळं आपोआप बाद झालेलं असतं. खोल पाण्यात शोधायचंच नाही.

सप्टेंबरची नोंद

माझी एक मैत्रीण तळ्याचं पाणी तपासण्याचं काम स्वयंसेवक म्हणून करते. तिच्याकडे खोल पाणी काढायचा नळ आहे, म्हणजे एक जाड प्लास्टिकचा नळकांडा, दोन्ही टोकांना झाकणं, ती उघडी ताणून ठेवायची, दोरीने खाली सोडायचा आणि हव्या त्या खोलीवर पोचला की दोरीवरून एक पितळेचं वजन घसरत सोडायचं. ते खाली जाऊन आपटतं, झाकणं बंद होतात आणि तो टक् असा झटका दोरीतून बोटांना लागतो. वीस मीटर खाली काहीतरी बंद झालंय हे तुम्हाला हाताला कळतं. मला हा क्षण फार आवडतो.

सप्टेंबरच्या मध्यावर आम्ही दोघी गेलो. वरचं पाणी २१ अंश. वीस मीटरवरचा नळ वर ओढला, थर्मामीटर घातला, साडेबारा. आणि झाकण उघडलं तेव्हा सडक्या अंड्याचा वास आला, असा की मी तोंड फिरवलं. दिसायला पाणी स्वच्छ, हात लावला तर गार, पण वास तोच, हायड्रोजन सल्फाइडचा. ऑक्सिजन संपल्यावर तळाशी जे जिवाणू जगतात त्यांचं हे काम. तीन महिने झाकून ठेवलेल्या खोलीचं दार उघडावं तसं ते होतं.

ह्या नोंदीवरूनच मला दादाची तारीख बदलायला हवी होती. वहीत आकडे लिहिलेले होते, ते वाचायचे कसे हे मला तेव्हा कळत नव्हतं.

कसे वाचायचे ते सांगते. हजार लिटरची टाकी डोळ्यासमोर आणा, आपल्याकडे गच्चीवर असते ती. २५ अंशांच्या पाण्याने भरलेली टाकी आणि १२ अंशांच्या पाण्याने भरलेली टाकी, दोघींच्या वजनात जवळपास अडीच किलोचा फरक. एवढ्या फरकावर तळ्याचे दोन मजले वेगळे राहतात, आणि वाऱ्याला ते ढवळायचे तर हा फरक उचलावा लागतो. आमच्या सप्टेंबरच्या नोंदीला, २१ आणि साडेबारा, हाच फरक दीड किलोवर आलेला. आणि ट्रिपच्या दिवशी मी जे मोजलं, वर साडेचौदा आणि खाली तेरा, तिथे फरक उरला फक्त दोनशे ग्रॅम. हजार लिटरमागे दोनशे ग्रॅम! एवढ्यावर दोन दिवसांचा वारा सहज मात करतो. पाण्याची गंमत अशी की ते गरम असताना एकेका अंशाने वजन बरंच बदलतं, थंड होत गेलं की एका अंशाला फारच थोडं बदलतं (४ अंशांना पाणी सगळ्यात जड). म्हणून पानगळीत मजले हळूहळू जवळ येत येत शेवटी घाईने एक होतात. रात्री आकाश निरभ्र असलं की वरचं पाणी गार होऊन खाली बुडतं, वरचा मजला जाड होत जातो, थर्मोक्लाइन खाली खाली ढकलली जाते, आणि मग एक थंड वारा येतो आणि सगळं पालटतं. इथले लोक ह्याला टर्नओव्हर म्हणतात. मी घरी तळं पालटलं म्हणते.

ती दोन दिवसांची ट्रिप

शुक्रवारी वायव्येकडून वारा सुटला, रात्रभर आणि शनिवारी दुपारपर्यंत. मेंडोटाची लांबी साधारण ९ किलोमीटर, त्यामुळे एवढ्या मोकळ्या पाण्यावर वारा लागला की तळं आतून हलतं. शनिवारी सकाळी वारा जरा मंदावल्यावर आम्ही टेनी पार्कवरून बोट काढली, दादा, मी आणि त्याची दोन मुलं, सगळ्यांना लाइफ जॅकेट (तेरा-चौदा अंशांच्या पाण्यात पडलं की पहिल्या मिनिटातच श्वास अडकतो, पोहता येतं ह्याचा काही उपयोग नाही, मुलं असतील तर हे कृपा करून लक्षात ठेवा).

पाणी बघूनच मला कसंसं झालं. हिरवट-तपकिरी, उपटलेल्या पाणवनस्पतीचे तुकडे तरंगतायत, फेसाच्या लांब रेषा आणि मधूनच तोच वास, सप्टेंबरमध्ये नळात होता तो, फक्त पातळ झालेला. दादा म्हणाला गटार सोडलंय का कोणी तळ्यात. गटार नव्हतं, तळाचं पाणी वर आलं होतं.

फिशफाइंडरवर, म्हणजे पाण्याखालचे मासे पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रावर, उन्हाळ्यात थर्मोक्लाइनची एक अस्पष्ट आडवी पट्टी दिसते आणि मासे तिच्या वरच्या बाजूला दिसतात. त्या दिवशी पट्टीच नाही. माशांच्या खुणा होत्या, पण एक इथे चार मीटरवर, एक तिथे पंधरावर, कुठेही घोळका नाही. ज्या तीन जागांवर मला ऑगस्टमध्ये हमखास पर्च (इथला खाण्याचा मासा) मिळायचे तिथे काही नाही. आठ तासांत एक पर्च आणि दोन छोटे व्हाइट बास, तेही मुलांनी सोडून दिले. धाकटा दुपारनंतर बोटीतच झोपला.

लोक म्हणतात टर्नओव्हरमध्ये मासा खाणं बंद करतो. मला हे पूर्ण पटत नाही. मासा खाणं बंद करेल एवढा ऑक्सिजन मेंडोटात कमी होत नाही, कारण खालचं पाणी एका झटक्यात नाही तर थोडं थोडं करून वरच्यात मिसळतं आणि वरच्यात ऑक्सिजन असतोच. माझं मत असं की खरी अडचण मासा सापडण्याची आहे. इतके महिने जी भिंत त्याला वरच्या निम्म्या भागात धरून होती ती पडली, त्याचं खाद्य विखुरलं, तोही विखुरला, आणि आपण मात्र उन्हाळ्याच्या जुन्या पत्त्यांवर जाऊन दार वाजवतोय. त्यात पाणी गढूळ, म्हणजे समोर आलेलं आमिषही त्याला उशिरा दिसतं.

दुसरी शंका दादाचीच. तो म्हणाला थंडीची लाट आली म्हणून असेल, टर्नओव्हर-बिर्नओव्हर काही नाही. शंका रास्त आहे, कारण तळं पालटवणारा वारा आणि माशाला गप्प करणारी थंडीची लाट बहुतेक वेळा एकाच दिवशी येतात. पण आमच्याकडे ताडून बघायला एक गोष्ट होती, रविवार.

रविवारी विंग्रा

विंग्रा हे मॅडिसनमधलंच छोटं तळं, सगळ्यात खोल जागी जेमतेम चार मीटर. एवढ्या उथळ पाण्यात दोन मजले टिकतच नाहीत, उन्हाळाभर जरा वारा आला की ते वरपासून खालपर्यंत ढवळतं, म्हणून त्याला ऑक्टोबरात पालटायला काही शिल्लकच नसतं. शनिवारी रात्री मी युनिव्हर्सिटीच्या लिम्नॉलॉजी सेंटरच्या (तळ्यांचा अभ्यास करणारं केंद्र) बोयाचे आकडे उघडले. मेंडोटाच्या मध्यभागी त्यांचा एक बोया असतो, त्याला खालपर्यंत तापमान मोजणाऱ्या सेन्सरची माळ लटकवलेली आहे आणि ते आकडे कोणालाही बघता येतात. माळेतल्या सेन्सरच्या आलेखातल्या रेषा एकमेकींवर येऊन बसल्या होत्या, म्हणजे वर-खाली तापमान जवळपास एकच. हे बघून ठरवलं, मेंडोटा उद्या नको.

दोन कायाक भाड्याने घेतल्या, गळाला साधी गांडुळं, काठाच्या वनस्पतींच्या कडेने, दीड-दोन मीटर पाण्यात. तेच आकाश, तीच थंडी. चार वाजल्यापासून अंधार पडेपर्यंत अकरा ब्लूगिल. थोरल्याने एकट्याने पाच काढले आणि घरी येईपर्यंत बोलायचा थांबला नाही. ब्लूगिल म्हणजे पर्च नव्हे, तुलना अगदी सरळ नाही हे मान्य, पण सगळा दोष थंडीचा असता तर विंग्रातही शनिवारसारखंच झालं असतं.

एक फसवी खूण

हे वेगळं सांगायला हवं कारण ह्यात मी दोन वर्षांपूर्वी फसलेय. सप्टेंबरच्या सुरुवातीला एकदा जोरदार वाऱ्यानंतर पश्चिमेच्या काठावर पाणी अचानक बर्फासारखं गार लागलं आणि मी सगळ्यांना मेसेज केला की तळं पालटलं, आता दोन आठवडे थांबा. काही पालटलं नव्हतं. पश्चिमेचा वारा वरचं गरम पाणी पूर्वेच्या काठाकडे ढकलतो, तिकडे ते साचतं, आणि इकडच्या काठाला खालचं थंड पाणी वर येतं, म्हणजे सगळी थर्मोक्लाइन ताटातल्या पाण्यासारखी कलंडते. वारा पडला की परत सरळ होते, मग हेलकावे खात बसते. तेव्हा एका काठावर पाय बुडवून निकाल लावू नका. वर किती आणि खाली किती, दोन्ही पाहिजे, आणि तळ्याच्या मध्यावरचं पाहिजे.

खरी खूण मला उलट ठिकाणी मिळाली, तळाशी. सप्टेंबरमध्ये तळाला साडेबारा होते, ट्रिपच्या दिवशी तेरा. बाहेर थंडी वाढतेय आणि तळाचं पाणी गरम झालं! म्हणजे वरचं पाणी तिथपर्यंत पोचायला लागलं. तळ ज्या दिवशी गरम व्हायला लागला त्या दिवसापासून मी दिवस मोजते.

दुसऱ्यांदा

दादाला मी पंधरा दिवस थांबायला सांगितलं. तो वैतागला होता, दोनदा पेट्रोल, दोनदा सुट्टी आणि लायसन्सही परत काढायचं, पण आला, ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी, एकटाच. पंधराच दिवस का, तर गढूळ खाली बसायला आणि ऑक्सिजन तळापर्यंत भरायला साधारण एवढा वेळ मी मेंडोटाला देते. लहान, आडोशाच्या तळ्याला वेगळं गणित लागेल. आणि एक सांगते, टर्नओव्हर म्हणजे एका दिवसाचा प्रसंग असं लोक बोलतात, पण एकदा मजले मोडले की मेंडोटा बर्फ धरेपर्यंत, म्हणजे बहुतेक डिसेंबरपर्यंत, ढवळतच राहतं. वाईट असतात ते सुरुवातीचे दिवस. नंतरचा नोव्हेंबर उत्तम असतो, फक्त थंडी सोसायची तयारी हवी.

त्या शनिवारी वर साडेदहा अंश, वीस मीटरवर साडेदहा. पाणी निवळलेलं. आणि फिशफाइंडरवर १७-१८ मीटरवर, जिथे सहा आठवड्यांपूर्वी माशाला श्वासही घेता आला नसता तिथे, तळाला चिकटून पर्चचा घोळका, तांदूळ सांडल्यासारखा. लहान जिग (वजन लावलेला गळ), त्यावर किड्याचं आमिष, तळापासून वीतभर वर धरून नुसतं हलवत राहायचं. गळाला ओढ इतकी हलकी येते की दादाचे पहिले चार-पाच हुकलेच. मग त्याला सांगितलं दोरा बोटावर घे, टोकाकडे बघू नको. दुपारपर्यंत दोघांचे मिळून सतरा. इतक्या खोलातून वर आणलेल्या पर्चचं पोट हवेने फुगतं, तो परत सोडला तरी सहसा जगत नाही, म्हणून लहान-मोठा न निवडता जो आला तो ठेवायचा आणि पुरे झालं की थांबायचं. आम्ही सतरावर थांबलो. मर्यादा काय आहे ते आधी बघून ठेवा, तळ्यातळ्याला वेगळी असते.

एक त्रास मात्र झाला. पानगळीत मेंडोटात स्पायनी वॉटर फ्ली भरपूर होते, बाहेरून आलेला काटेरी शेपटीचा बारीक जीव, २००९ मध्ये इथे पहिल्यांदा सापडला. तो दोऱ्यावर कापसासारखा गोळा होऊन बसतो आणि रीलच्या तोंडाशी अडकतो. थोड्या थोड्या वेळाने दोरा दोन बोटांत धरून पुसावा लागला. जाड दोऱ्यावर कमी बसतो असं ऐकलं होतं, पुढच्या वेळी तो लावून बघणार आहे. बोट बाहेर काढल्यावर नीट धुवून-वाळवूनच दुसऱ्या तळ्यावर न्यायची, हा जीव आपणच इकडून तिकडे पोचवतो.

गावाकडच्यांसाठी दोन ओळी

हे सगळं आईला फोनवर सांगत होते तर बाजूला नाशिकचे काका बसलेले, त्यांचं शेततळं आहे, त्यात मासे सोडलेत. ते म्हणाले आमच्याकडे ढगाळ दिवसांनंतर एकदम गार पाऊस आला की पहाटे मासे वर येऊन तोंड उघडमीट करतात, कधी मरतात. गोष्ट तीच, काका. वरचं पाणी एकदम गार होतं, बुडतं, तळाचं बिनऑक्सिजनचं पाणी वर येतं, आणि तळं छोटं असल्यामुळे ते थोडं थोडं न मिसळता एकदमच मिसळतं. मेंडोटात माझा एक वीकेंड फुकट गेला, काकांच्या तळ्यात मासा हातचा जातो. म्हणून पावसाळ्याच्या तोंडाशी पहाटे एरेटर (पाण्यात हवा सोडणारं यंत्र) चालू ठेवायचा आणि त्या दिवसांत खाद्य कमी टाकायचं, हे त्यांना मी परत परत सांगितलं.

शनिवारी संध्याकाळी पर्च साफ करून त्याला आगळ, हळद, तिखट लावून रव्यात घोळवून तळले. पांढरा घट्ट मासा, काटा कमी, तेलात टाकला की सुटत नाही. दादाने जेवता जेवताच फोन काढून पुढच्या ऑक्टोबरचा शेवटचा वीकेंड टाकायला घेतला, मी म्हटलं तारीख टाकू नकोस, फक्त ऑक्टोबर लिही, मी सप्टेंबरपासून तळाचे आकडे पाठवते, तळ गरम झाला की पंधरा दिवसांनी निघ.